उन्हातलं काम आणि मूत्रपिंडाची निगा



आपल्या कार्यक्रमात आपण नेहमी बियाणं, खतं, रोग-किडी आणि बाजारभाव यांविषयी बोलतो. या पत्रकात विषय जरा वेगळा घेतला आहे. तुम्ही म्हणाल, किडनीचं दुखणं म्हणजे डॉक्टरांचा प्रांत. शेतकी खात्याच्या माणसाला त्यात काय कळतं? खरं आहे. औषधोपचार डॉक्टरांनीच सांगावेत. पण किडनीला इजा करणाऱ्या कितीतरी सवयी आपल्याला शेतातच लागतात. उसाच्या फडात, कांद्याच्या काढणीत, फवारणीच्या वेळी, बांधावर जेवताना. म्हणून त्या सवयींबद्दल बोलणं हे विस्तार कार्यकर्त्याचंही काम आहे.

या पत्रकात सवयी बऱ्याच सांगितल्या आहेत. पण सगळं विसरलात तरी एक गोष्ट विसरू नका: ज्या दिवशी अंगातून घाम निथळला आहे आणि पोटात पाणी कमी गेलं आहे, त्या दिवशी अंगदुखीची गोळी घेऊ नका. आधी पाणी, मग विश्रांती, आणि गोळी डॉक्टरांना विचारून. असं का, ते आता पाहू.

मूत्रपिंड करतं काय?

आपल्या पाठीत, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, मणक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मूत्रपिंड असतं. आकार साधारण आपल्या मुठीएवढा, वजन सुमारे १५० ग्रॅम. यालाच आपण बोलताना किडनी म्हणतो. एवढ्याशा अवयवात सुमारे १० लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडं मिळून २४ तासांत जवळजवळ १८० लिटर पाणी रक्तातून गाळून काढतात. फवारणीसाठी आपण जे २०० लिटरचं पिंप भरतो, त्याला थोडंच कमी. त्यातलं बहुतेक सगळं पाणी आणि कामाचे क्षार मूत्रपिंड पुन्हा रक्तात परत घेतं, आणि टाकाऊ द्रव्यं साधारण दीड लिटर लघवीतून बाहेर टाकतं.

ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना हे चटकन कळेल. ठिबकच्या संचात पंपाच्या पुढे जाळीचा फिल्टर असतो. त्यात कचरा अडकला तर पाण्याचा दाब बदलतो, मग आपण फिल्टर उघडून जाळी धुतो. जाळी फाटली तर तालुक्याला जाऊन नवी आणतो. मूत्रपिंडाच्या गाळण्यांचं मात्र तसं नाही. त्या उघडून धुता येत नाहीत आणि मेलेल्या गाळणीच्या जागी नवी उगवत नाही. जन्माला येताना जेवढ्या मिळाल्या तेवढ्यांवरच आयुष्य काढायचं.

दुसरी अडचण अशी की मूत्रपिंड कुरकुर करत नाही. दात दुखला की आपण गाल धरून बसतो, पण मूत्रपिंडाच्या निम्म्या गाळण्या गेल्या तरी माणूस कोयता चालवत असतो, नांगरट करत असतो. उरलेल्या गाळण्या जास्तीचं काम ओढतात, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

पहिली सवय: तहान मारून काम करणं

'एवढी सरी उरकू, मग पाणी पिऊ.' हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. चैत्र-वैशाखात भर उन्हात काम करताना तासाला अर्धा लिटर ते एक लिटर घाम सहज जातो. तेवढं पाणी आत गेलं नाही तर रक्त घट्ट होतं आणि शरीर आहे ते पाणी राखायला लागतं. मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा ओघ कमी होतो. लघवी थोडी आणि गडद होते. एखाद्या दिवशी असं झालं तर मूत्रपिंड सावरतं. पण हंगामभर रोज, आणि वर्षानुवर्षं असं झालं तर काही गाळण्या कायमच्या जातात.

याचा धडा दूरच्या देशातून मिळाला आहे. मध्य अमेरिकेत एल साल्वाडोर आणि निकाराग्वा हे उसाचे देश आहेत. तिथल्या समुद्राकाठच्या उष्ण सपाटीवर तरुण ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडं निकामी होत असल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. एल साल्वाडोरमधला अहवाल २००२ साली प्रसिद्ध झाला. नवल असं की यातल्या बहुतेकांना ना मधुमेह होता, ना आधीपासूनचा रक्तदाब. या आजाराचं नेमकं कारण एकच की अनेक, यावर शास्त्रज्ञांत अजून चर्चा आहे. पण कडक ऊन, अंगमेहनत आणि पाण्याची तूट यांचा त्यात मोठा वाटा असावा, याकडे बराच पुरावा बोट दाखवतो. पुढे तिथल्या काही साखर कारखान्यांनी तीन गोष्टी सुरू केल्या: पाणी, विश्रांती आणि सावली. जिथे त्या नीट राबवल्या तिथे तोडणीच्या हंगामात मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाल्याचं आढळलं.

आपल्याकडेही उसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळा लागेपर्यंत चालतो. मजुरी टनावर मिळते. पाण्यासाठी थांबलं तर मोळ्या कमी पडतात, हे काय मला ठाऊक नाही? म्हणून फक्त 'पाणी प्या' असा उपदेश करून भागणार नाही. तजवीज करावी लागेल.

ती अशी करा:

१. पाणी कामाच्या जागी हवं. बांधापलीकडे विहिरीवर असलेलं पाणी कुणी दर अर्ध्या तासाला जाऊन पीत नाही. मडकं, कॅन किंवा ओल्या गोणपाटात गुंडाळलेली बाटली सरीच्या तोंडाशी ठेवा, आणि काम पुढे सरकेल तशी तीही पुढे सरकवा.

२. तहान लागण्याची वाट पाहू नका. कडक उन्हात दर १५ ते २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे साधारण पाव लिटर पाणी प्या. सहा तास काम असेल तर माणशी साडेचार ते सहा लिटर पाणी लागेल, असा हिशेब धरून घरून निघा.

३. सगळं पाणी एकदम ढोसू नका. तासाला दीड लिटरपेक्षा जास्त पाणी पिणंही बरं नाही. रक्तातले क्षार फार पातळ होतात.

४. अवजड काम पहाटे आणि दुपार ढळल्यावर करा. बारा ते तीन सावलीत बसा. झाड नसेल तर चार काठ्यांवर जुनी ताडपत्री किंवा लुगडं बांधा.

५. ताक किंवा लिंबू-पाणी उत्तम. बाटलीतलं गोड थंड पेय पाण्याची जागा घेत नाही.

ज्यांच्या शेतात तोडणीची टोळी येते त्या बागायतदारांना वेगळं सांगणं आहे. टोळी मुकादमाची असो वा कारखान्याची, फड तुमचा आहे. पाण्याचा एक टँकर किंवा दोन पिंपं पिण्याचं स्वच्छ पाणी फडाच्या कडेला ठेवणं तुम्हाला जड नाही. बैलाला पाणी दाखवल्याशिवाय आपण जू ठेवत नाही, मग माणसाला तरी तसंच कसं राबवायचं?

पाणी पुरतंय की नाही हे ओळखायची खूणही सोपी आहे. लघवीचा रंग पाहा. फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद पिवळा झाला तर पाणी कमी पडतंय. कोऱ्या चहासारखा तपकिरी किंवा लालसर झाला तर काम थांबवा आणि दवाखाना गाठा.

दुसरी सवय: लघवी रोखून धरणं

हा भाग भगिनींनी मुद्दाम वाचावा, आणि घरच्या पुरुषांनी त्यांच्याहून जास्त. उघड्या रानात आडोसा नाही म्हणून बायका सकाळी घरून पाणी न पिताच निघतात आणि दिवसभर लघवी रोखून धरतात. यात दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. पाणी कमी गेल्यानं शरीर सुकतं, आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. जळजळ होते, थोडी थोडी लघवी होते, ओटीपोट दुखतं. जंतू वर मूत्रपिंडापर्यंत चढले तर थंडी वाजून ताप येतो आणि कुशीत दुखतं. गरोदरपणी हे दुखणं आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचं.

उपाय फार खर्चाचा नाही. चार बांबू, जुनी साडी किंवा शेडनेटचा तुकडा, आणि वस्तीपासून व पाण्यापासून दूर एक खड्डा. एवढ्यात आडोसा तयार होतो. ज्या शेतात बायका कामाला येतात तिथे तो असायलाच हवा. जळजळ होत असेल तर लाजून अंगावर काढू नका. लघवीची तपासणी आणि योग्य औषध यांनी हे दुखणं लवकर बरं होतं.

तिसरी सवय: संध्याकाळची गोळी

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. दिवसभर वाकून काम केलं की कंबर धरते, गुडघे बोलतात. मग किराणा दुकानातून किंवा औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळी आणायची, चहाबरोबर घ्यायची आणि सकाळी पुन्हा कामाला लागायचं. काही जण तर दुखण्याच्या आधीच, सकाळीच, 'काम निघावं' म्हणून गोळी टाकतात. डायक्लोफेनॅक, एसीक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नायमेसुलाइड अशी या गोळ्यांची औषधी नावं आहेत. पाकिटावर कंपनीचं नाव काहीही असो, खाली बारीक अक्षरात यांपैकी एखादं लिहिलेलं असतं. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या.

ही गोळी मूत्रपिंडाला नडते कशी? पाटाच्या पाण्याचं उदाहरण घेऊ. कालव्याला पाणी कमी असलं की शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचत नाही. मग आपण त्या वाफ्याचं दारं मोठं करतो, म्हणजे आहे त्या पाण्यातून त्याला वाटा मिळतो. शरीर सुकतं तेव्हा मूत्रपिंडही हेच करतं. स्वतःच काही रसायनं तयार करून आत येणाऱ्या रक्ताची वाट रुंद ठेवतं. वेदना थांबवणाऱ्या या गोळ्या नेमकी तीच रसायनं तयार होऊ देत नाहीत. म्हणजे कालव्याला पाणी कमी, आणि वर दारंही बुजवलं. वाफा करपणारच.

पोटभर पाणी प्यालेल्या, धडधाकट माणसाला डॉक्टरांनी दोन-चार दिवस अशी गोळी दिली तर बहुधा काही बिघडत नाही. धोका वाढतो तो उन्हानं सुकलेल्या अंगावर, जुलाब-उलट्यांत, तापात, म्हातारपणी, आणि ज्यांना मधुमेह किंवा रक्तदाब आहे त्यांना. महिनोन् महिने रोज घेणाऱ्यांनाही धोका आहेच.

या औषधाची एक गोष्ट आपल्या रानाशी जोडलेली आहे. जुन्या माणसांना आठवेल, मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की तासाभरात गिधाडांचा थवा उतरायचा. १९९० नंतरच्या वर्षांत ही गिधाडं दिसेनाशी झाली. काही जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. कारण सापडलं ते २००४ साली: दुखणाईत गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक. अशा जनावराचं मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं काही दिवसांतच बंद पडायची. भारत सरकारनं २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ साली माणसांसाठीचं इंजेक्शनही ३ मिलीच्या छोट्या, एका वेळच्या बाटलीतच विकावं असा नियम केला. माणूस काही गिधाडाइतका नाजूक नाही, हे खरं. पण औषध तेच आहे आणि अवयवही तोच आहे, हे गोळी तोंडात टाकण्यापूर्वी आठवावं.

मग अंग दुखलं तर करायचं काय? आधी दोन पेले पाणी प्या आणि सावलीत पडा. कोमट पाण्यानं अंघोळ, शेक, तेलानं मालीश यांनी मेहनतीची अंगदुखी पुष्कळ उतरते. कामाची पद्धतही बदला. सतत वाकण्याऐवजी लांब दांड्याचं खुरपं किंवा सायकल कोळपं वापरा, पोती दोघांनी मिळून उचला, आणि तासाला दोन मिनिटं कंबर सरळ करा. तरीही गोळी लागतच असेल तर डॉक्टरांना विचारा. पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घेतल्यास मूत्रपिंडाला तुलनेनं कमी त्रासाचं असतं. पण तेही मनाला येईल तितकं घेऊ नये, आणि दारू पिणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय नकोच. डॉक्टरांनी हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिनची छोटी गोळी मात्र हे पत्रक वाचून आपल्या मनानं बंद करू नका.

चौथी सवय: मीठ आणि अर्धवट औषध

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे सगळ्या जेवणात मिळून एक चहाचा चमचा. आपल्या ताटात भाजी-आमटीशिवाय ठेचा, लोणचं, पापड, खारवलेली मिरची, सुकट, फरसाण असतंच. वरून मीठ वाढायची वाटीही असते. एवढं मीठ पोटात गेलं की रक्तदाब वाढतो. ठिबकचा दाब वाढला तर जाळी फाटते, तशाच मूत्रपिंडाच्या गाळण्या जादा दाबानं खराब होतात. ताटातली मिठाची वाटी उचलली आणि लोणचं-पापड यांपैकी एकच ठेवलं, तरी मोठा फरक पडेल. घाम खूप गेला असेल त्या दिवशी ताकात चिमूटभर मीठ घालायला हरकत नाही; पण रक्तदाब असणाऱ्यांनी तेही डॉक्टरांना विचारून.

मूत्रपिंड निकामी होण्याची दोन मोठी कारणं म्हणजे मधुमेह आणि रक्तदाब. आपल्याकडे सवय अशी की गोळ्या महिनाभर घ्यायच्या, बरं वाटलं की बंद करायच्या. बरं वाटतं ते गोळीमुळे, हे लक्षात येत नाही. विहिरीला पाणी लागलं म्हणून कुणी मोटर विकून टाकतो का? गोळी चालू ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी दाब मोजा. साधारणपणे १४०/९० च्या खाली, आणि मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर बहुधा १३०/८० च्या खाली दाब राखायला सांगतात. तुमचा आकडा तुमचे डॉक्टर ठरवतील. जुलाब-उलट्या लागल्या असतील त्या दिवशी दाबाच्या किंवा साखरेच्या काही गोळ्या थांबवाव्या लागतात. कोणत्या, ते आधीच विचारून ठेवा.

पाचवी सवय: तंबाखू आणि जडीबुटीचं भस्म

बिडी-सिगारेटनं रक्तवाहिन्या आकसतात आणि कडक होतात, मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्याही. चघळायची तंबाखू आणि मिश्री यांतलं निकोटिनही रक्तदाब वाढवतं. बांधावर बसलं की चंची उघडायची, ही सवय सोडणं कठीण आहे. पण सोडली तर फायदा फक्त फुप्फुसाचा आणि तोंडाचाच होतो असं नाही.

जत्रेत, आठवडी बाजारात सांधेदुखी, मूळव्याध, मुतखडा, सगळ्यांवर एकच पुडी विकणारे भेटतात. अशा बेनामी पुड्यांत आणि कच्च्या भस्मांत पारा, शिसं यांसारखे जड धातू सापडले आहेत, आणि ते मूत्रपिंडात साचून इजा करतात. काही वेळा लवकर गुण यावा म्हणून त्यात तीच वेदनाशामक गोळी कुटून घातलेली असते. औषध कोणत्याही पद्धतीचं घ्या, पण ते नोंदणी असलेल्या वैद्याकडून किंवा डॉक्टरांकडून, पाकिटावर नाव आणि घटक छापलेलं असं घ्या.

सहावी सवय: फवारणीतला निष्काळजीपणा

हा तर आमच्याच खात्याचा विषय. हातानं औषध कालवणं, नोझल तुंबलं की तोंडानं फुंकणं, फवारताना तंबाखू मळणं, आणि औषधाचा रिकामा कॅन धुऊन पिण्याच्या पाण्याला वापरणं, या सवयी आजच बंद करा. कॅन कितीही धुतला तरी औषधाचा अंश त्यात राहतो. पॅराक्वाट हे तणनाशक पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. ते फुप्फुसं आणि मूत्रपिंडं दोन्ही निकामी करतं. ते कधीही पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही.

फवारणी सकाळी लवकर, वाऱ्याच्या दिशेनं पाठ करून, हातमोजे, मुखपट्टी आणि अंगभर कपडे घालून करा. या कपड्यांत घाम जास्त येतो. म्हणून दर पंपामागे हात-तोंड साबणानं धुऊन, शेतापासून बाजूला जाऊन पाणी प्या.

ओघात सापाचंही सांगतो. घोणस चावली तर तिच्या विषानं मूत्रपिंडं बंद पडू शकतात. रात्री पाणी द्यायला जाताना बॅटरी आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट वापरा. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता, जखम न कापता, रुग्णाला चालायला न लावता सरळ प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात न्या. जाणारा प्रत्येक तास महाग पडतो.

श्रोत्यांच्या नेहमीच्या शंका

'माझी कंबर दुखते, म्हणजे किडनी खराब झाली का?' बहुतेक वेळा नाही. कंबरदुखी ही स्नायूंची आणि मणक्याची असते. मूत्रपिंडाचा जुनाट आजार सहसा दुखत नाही. उलट किडनीच्या भीतीनं कंबरदुखीच्या गोळ्या खाल्ल्या तर त्याच किडनीला मारतील.

'बिअर प्यायल्यानं खडा पडतो म्हणतात?' असा उपचार नाही. दारूनं लघवी जास्त होते आणि शरीर आणखी सुकतं. खडा होऊ नये म्हणून पाणीच प्यायचं.

'आमच्याकडचं पाणी खारं आहे, मग कमी प्यावं का?' पूर्णा खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांच्या खारपाण पट्ट्यातून हा प्रश्न येतो. चव नाही म्हणून माणसं पाणी कमी पितात, हेच नुकसानीचं आहे. पाण्याची तपासणी करून घ्या. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतात, असं भारतीय मानक आहे. त्याहून जास्त असतील तर पिण्यापुरतं तरी पाणी नळयोजनेचं, गाळलेलं किंवा साठवलेल्या पावसाचं घ्या.

'सगळ्यांनीच खूप पाणी प्यावं का?' नाही. ज्यांना आधीच किडनीचा किंवा हृदयाचा आजार आहे, अंगावर सूज आहे, त्यांनी किती पाणी प्यायचं ते डॉक्टरच सांगतील.

वेळेवर ओळखा

पायावर किंवा सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज, लघवीला साबणासारखा फेस, लघवी फार कमी होणं किंवा रात्री पुन्हा पुन्हा उठावं लागणं, भूक मरणं, मळमळ, अंगाला खाज, थोड्या कामानं दम लागणं. यांपैकी काही दिसलं तर थांबू नका.

आणि काही दिसलं नाही तरी मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी, रोज वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांनी, घरात कुणाला किडनीचा आजार असलेल्यांनी आणि साठी ओलांडलेल्यांनी वर्षातून एकदा तपासणी करावी. रक्तदाब, रक्तातली साखर, लघवीतलं प्रथिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, एवढ्या चार गोष्टी. नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नका. बऱ्याचदा ते वाढलेलं दिसतं तोवर निम्मं काम गेलेलं असतं. लघवीतलं प्रथिन त्याआधी इशारा देतं. कुठे तपासायचं हे प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा गावच्या आशाताईंना विचारा. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी गाव सोडण्यापूर्वी एकदा आणि परत आल्यावर एकदा तपासून घ्यावं.

आपण मातीची तपासणी करतो, कारण पीक पिवळं पडल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. हेही तसंच आहे. मूत्रपिंड पूर्ण निकामी झालं तर उरतं ते डायलिसिस किंवा दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवणं. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी चार-चार तास यंत्राला जोडून घेणं. सरकारी योजनांमधून गरजूंना जिल्हा रुग्णालयांत ही सोय मोफत मिळते, ती जरूर घ्यावी. पण जाण्या-येण्याचा खर्च, बुडालेली मजुरी आणि बरोबर येणारं माणूस हे घरालाच पुरवावं लागतं. त्या तीन दिवसांत धार कोण काढणार, पाणी कोण देणार? एका घराची शेती त्यापायी मोडते.

थोडक्यात, भिंतीला चिकटवण्यासाठी

१. दर १५-२० मिनिटांनी एक पेला पाणी. पाणी सरीच्या तोंडाशी.
२. दुपारी १२ ते ३ सावली.
३. बायकांसाठी शेतात आडोसा. लघवी रोखू नका.
४. घामानं सुकलेल्या अंगावर, तापात, जुलाबात वेदनाशामक गोळी नको.
५. मीठ दिवसाला एक चहाचा चमचा. ताटातली वाटी उचला.
६. दाबाची आणि साखरेची गोळी मनानं बंद करू नका.
७. तंबाखू, मिश्री, बिडी सोडा. बेनामी पुड्या घेऊ नका.
८. औषधाच्या कॅनमध्ये पाणी ठेवू नका. नोझल फुंकू नका.
९. वर्षातून एकदा चार तपासण्या.

यातली पहिली आणि चौथी सूचना उद्या सकाळपासूनच पाळता येईल. त्यासाठी कर्ज काढावं लागत नाही की अर्ज भरावा लागत नाही. हे पत्रक वाचून झालं की घरी ठेवून देऊ नका. शेजारच्या वस्तीवर द्या, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना पारावर बसून वाचून दाखवा. शंका असतील तर कार्यक्रमाच्या पत्त्यावर कळवा. आरोग्याच्या शंका आम्ही डॉक्टरांपुढे ठेवू आणि त्यांचं उत्तर कार्यक्रमात ऐकवू.

रामराम.